सुताच्या ठुशीची आतली बाजू

मित्रांनो, मी एक जुनी ठुशी आहे. ठुशी म्हटलं की तुम्हाला सोन्याच्या मण्यांची, गळ्याला घट्ट बसणारी ठुशी आठवेल. माझ्या अंगात गुंजभरही सोनं नाही. मी क्रोशाच्या सुईवर सुताने विणलेली आहे. हल्ली मी पत्र्याच्या डब्यात, डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून असते. माझा रंग विटला आहे, गोंडा झिजला आहे. तरी मी स्वतःला कमी समजत नाही. का, ते ऐका.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरची दिवाळी नुकतीच झाली होती. सांगलीजवळच्या एका गावात प्रभावतीमावशींनी मला विणायला घेतलं. गावातल्या प्रत्येक रुखवतात त्यांच्या हातचा एखादा रुमाल किंवा तोरण असायचंच, पण दागिना त्यांनी कधी विणला नव्हता. तो विणावा लागला त्यांच्या बहिणीच्या मुलीसाठी, कस्तुरीसाठी. आई गेल्यापासून कस्तुरी मावशींकडेच वाढली होती. सात वर्षांची असताना गुऱ्हाळावर उकळत्या रसाचे शिंतोडे तिच्या मानेवर उडाले. जखम भरली, पण उजव्या कानाखालची कातडी पातळ आणि हुळहुळी राहिली. तिथे सोनं टेकलं तरी आग व्हायची.

आता तिचं लग्न जवाहर नावाच्या मुलाशी ठरलं होतं. त्यांच्या घरची रीत अशी, की मांडवात सासूने सुनेच्या गळ्यात स्वतःच्या हाताने ठुशी बांधायची. मावशींनी सगळं मोकळेपणी सांगितलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सोन्याची नसली तरी चालंल. तिला सोसंल अशी करा. पण मांडवात पोरीचा गळा मोकळा नगं."

मावशी कामाला लागल्या. रेशमाचा प्रश्नच नव्हता. रेशमासाठी किडे मारतात हे चातुर्मासातल्या प्रवचनात ऐकून त्यांनी रेशीम न वापरण्याचा नियम घेतला होता. त्यांनी हळदी रंगाचं सूत निवडलं, ओलं करून पांढऱ्या फडक्यावर घासलं आणि घामाने रंग जाणार नाही याची खात्री केली. इथवर सगळं नीट होतं. पण लग्नातला दागिना चमकायला नको का, म्हणून त्यांनी माझ्या दोन्ही कडांना जर घातली. आकार बसावा म्हणून तांदळाच्या पेजेची खळ दिली. मग मला आपल्याच गळ्यात बांधून त्या आरशात पाहून म्हणाल्या, "काईसुदिक टोचत न्हाई."

मित्रांनो, चूक झाली ती इथेच. उन्हातान्हात राबून मावशींची मान रापलेली होती. तिला काय टोचणार?

सवय व्हावी म्हणून कस्तुरी मला रोज घालू लागली. शेजारणी यायच्या, मला हात लावून म्हणायच्या, "लय ग्वाड दिसती गं!" मी फुशारून जायचे. पण कस्तुरीने मान वळवली, की माझी जर तिच्या कातडीवर घासायची आणि घामाने भिजलेली खळ चिकटून ओढ बसायची. मला ते कळत होतं. मला तोंड नव्हतं आणि तिला असूनही ती बोलत नव्हती. मावशींनी विचारलं, की "बरं हाय" म्हणून ती पदर मानेवर ओढून घ्यायची. त्या आठ दिवसांइतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

आठव्या दिवशी मावशींनी मला धुवायला घेतलं. आतल्या बाजूला वाळलेल्या रक्ताचा डाग होता. त्या तशाच न्हाणीच्या दगडावर बसल्या.

"कस्तुरे, हे काय? बोलली का न्हाईस?"

"तुमी डोळं फोडून विणलीसा. कसं बोलू, मावशी?"

"अगं, माझ्या डोळ्यांचं काय घिऊन बसलीस? तुझ्या मानंवर रगत आलं की!" मावशींचा आवाज फुटला. "आता मला शब्द दे. टोचलं तर त्याच घडीला बोलायचं. नुसतं माझ्यापाशीच न्हवं, कुणापाशीबी."

कस्तुरीने मान डोलावली. पण तिच्या डोळ्यांत भीतीच होती.

मावशींनी माझी जर उसवली, खळ धुऊन काढली. मग ट्रंकेतून स्वतःच्या रुखवतातला वीस वर्षांचा रुमाल काढला. धुऊन धुऊन त्याचं सूत लोण्यासारखं मऊ झालं होतं. त्यांच्या लग्नातली तेवढी एकच वस्तू उरली होती. त्यांनी ती क्षणभर गालाला लावली आणि टाका टाका उसवला. त्या सुताचं त्यांनी मला आतून अस्तर विणलं. गाठ मानेमागून डाव्या बाजूला नेली. पुढच्या खेपेला त्यांनी मला स्वतःच्या गळ्यात घातलं नाही. कस्तुरीच्याच मानेवर ठेवून विचारलं, "हितं? आन् हितं?"

लग्नाचा दिवस उजाडला. मांडव माणसांनी भरला होता. सासूबाईंनी मला हातात घेतलं, पण गडबडीत वरची कड खाली करून उलटं धरलं. गाठ उजवीकडे आली, नेमकी त्या कातडीवर. त्यांनी दोरी ओढली. कस्तुरीच्या गळ्याची शीर ताठ झाल्याचं मला जाणवलं. पाचशे माणसं बघत होती. नव्या नवरीने मांडवात सासूचा हात अडवायचा? समोर मावशी पदराचं टोक मुठीत घट्ट धरून उभ्या होत्या.

"आत्याबाई," कस्तुरी म्हणाली. आवाज कापत होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "गाठ डावीकडं घ्या. हितं टोचतंय."

सासूबाईंनी मला सोडलं, उलटून पाहिलं. जुन्या सुताच्या अस्तरावरून त्यांचं बोट फिरलं.

"बरं झालं बोललीस, लेकी," त्या म्हणाल्या आणि मला नीट, सैलसर, डावीकडे बांधलं. मावशी तोंड फिरवून रडल्या.

पाच वर्षं मी त्या गळ्यात राहिले. मग अस्तर विरलं, तशी कस्तुरीने मला धुऊन डब्यात ठेवलं. मित्रांनो, मला वापरू नका, पण एकदा उन्हात ठेवा, कसरीपासून जपा. आणि कुणासाठी काही हौसेने केलंत, तर ते आपल्या गळ्यात घालून बघू नका. ज्याच्यासाठी केलं, त्याला विचारा. तो "बरं हाय" म्हणाला, तरी एकदा आतली बाजू उलटून बघा.