दर्रे-तूतची माणसं

मेहनाजचं गाव पूर्वाला सापडलं, ते खारट दलदलीत.

पूर्वा वारज्याच्या एका कंपनीत नकाशे दुरुस्त करायची. २०११च्या फेब्रुवारीत तिथे इराणचं काम आलं. सदाशिव पेठेत घरमालकीण सुशीलाबाईंकडे पूर्वाच्याच खोलीत राहणाऱ्या, इराणहून आलेल्या मेहनाजने हट्टच धरला, "माझं दर्रे-तूत बघ ना!" बघितलं, तर ठिपका दलदलीत आणि लोकसंख्येचा रकाना रिकामा. बारा माणसांच्या आत वस्ती असली की नाव गाळायचं, नुसता ठिपका ठेवायचा, असा नियम. यादी उद्या जाणार होती.

पूर्वाला ते नाव गाळवेना. नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिने साकोलीकडचा आपला टोला शोधला होता. आठ घरांचा टोला, पण नकाशात नुसतं हिरवं रान.

"आईला फोन लाव," ती म्हणाली.

पलीकडून वारा आला, कोंबड्या आल्या, मग आईचा खणखणीत आवाज. मेहनाज ऐके नि मराठीत सांगे.

"आई म्हणते, दलदलीत पाखरं राहतात, आम्ही नाही. बस थांबते तिथून सुकी नदी धरायची. वर डोंगराच्या कुशीत तुतीची झाडं."

लॅपटॉपवरच्या उपग्रहचित्रात पूर्वा नदी धरून चढत गेली. राखाडी डोंगराच्या घडीत चिमूटभर हिरवं दिसलं.

"तिसरं छप्पर आमचं," मेहनाज पडद्याला नाक लावून म्हणाली.

"आता माणसं विचार."

आई नानांवर मोजू लागली. गावात तंदूर एकच, तोही तिचाच. कुणाकडे किती नान जातात हे तिला पाठ. मेंढपाळाकडे पाच जण, वरच्या घरी चार, एकटी म्हातारी शेजारीण, आणि ती स्वतः. अकरा.

"तू धरून?"

"मला सोडून."

"मग बारा झाले की! लिहिते."

मेहनाजने आईला ते सांगितलं. मग आई काहीतरी हळू बोलली.

"काय म्हणाल्या गं?"

"म्हणते, तुझा नान मी दोन वर्षं भाजत होते. वाळून जायचा, कोंबड्या खायच्या. या हिवाळ्यात बंद केला." मेहनाजने ओढणीने नाक पुसलं. "म्हणते, जिथे जेवतेस तिथल्या माणसांत स्वतःला धर. आमच्या गावाला उसनं माणूस नको."

पूर्वाने अकरा लिहिलं, नाव गाळलं. ठिपका अलगद उचलून डोंगराच्या कुशीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जनगणनेचे मास्तर दारात उभे राहिले.

"घरात किती माणसं?"

"मी एक आणि या दोन पोरी," सुशीलाबाई म्हणाल्या.

"या परदेशी बाई इथेच राहतात?"

"नाही, माझी आमटी संपवायला रोज विमानाने येतात! लिहा तिचं नाव."

मेहनाजने पूर्वाकडे पाहिलं. मग पुढे होऊन तिने स्वतःच नाव सांगितलं.

"जन्मस्थान?"

"दर्रे-तूत."

"देश लिहिला की भागतं."

"गावही लिहा ना," मेहनाज म्हणाली. "छोटंसंच आहे."

"लिहा हो मास्तर," सुशीलाबाई म्हणाल्या, "शाई सरकारचीच आहे."

मास्तरांनी पेन पुन्हा टेकवलं. पूर्वा त्यांच्या खांद्याशी वाकून एकेक अक्षर सांगू लागली.