शनिवारची दुपार

शिवांजलीचं पहिलं चित्रप्रदर्शन तीन आठवड्यांवर आलं होतं आणि ती साताराभर पत्रकं वाटत फिरत होती. सकाळी वर्तमानपत्राची कचेरी, दुपारी जाहिरातीसाठी केबलवाला, संध्याकाळी पाचगणीच्या शाळांना पत्रं. भिंतीवर पंधरा चित्रं लागायची होती आणि तयार होती जेमतेम सहा!

शेजारच्या निवृत्त सुभेदार जोतिबाकाकांना तिनं पत्रक दिलं, तसे ते हसले. "पोरी, हे तिसरं पत्रक हाय. चित्रं कवा काढतीस?"

"काका, लोकांना कळायला नको का?"

"व्हय, कळायला पायजेच की! पण त्याची येळ बांधून घे. बाकीची येळ चित्रांची."

घरी येताच तिनं ठरवलं, प्रसिद्धी फक्त शनिवारी दुपारी. पहिल्या दिवशी तिचा पाय सारखा दाराकडे वळत होता. पण अजिंक्यताऱ्यावरचं ऊन आणि किल्ल्याच्या पायथ्याशी चरणारी धनगरांची मेंढरं कागदावर उतरायला लागली आणि तिला जेवणाचंही भान उरलं नाही. शनिवारी ती पत्रकांऐवजी ताजं चित्रच घेऊन कचेरीत गेली. संपादकांनी ते रविवारच्या अंकात छापलं.

उद्घाटनाला पंधराच्या पंधरा चित्रं भिंतीवर होती आणि दारात ही गर्दी! दरवर्षी मेंढरं चारायला साताऱ्याकडे येणारी मनुबाई अंकातलं चित्र पाहून सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीहून खास एसटीनं आली होती. ती एका चित्रापुढं थबकली आणि नवऱ्याला ओरडून म्हणाली, "आवं, हिकडं या! ही तर आपलीच मेंढरं!"

शिवांजली धावतच तिच्याकडे गेली. तिला किती बोलू नि किती नको असं झालं होतं.