दादाने ओतलेली जमीन

मी एका गॅरेजची जमीन आहे, पण साधीसुधी नाही, एपॉक्सीची, म्हणजे सिमेंटवर ओतलेल्या चकचकीत रसायनाच्या थराची. अमेरिकेत, मिनेसोटातल्या या गल्लीत माझ्याइतकी चकाकणारी दुसरी कोणी नाही. शेजारच्या सिमेंटच्या जमिनी तर मत्सराने भेगाळल्या आहेत.

माझा जन्म दोन डब्यांतून झाला. घरमालक आर्लनने दोन्ही डबे एकत्र ढवळले आणि त्याची धांदल उडाली, कारण मी अर्ध्या तासात घट्ट व्हायला लागते. ओल्या थरावर ठसे उमटू नयेत म्हणून तळाला खिळे लावलेले बूट घालून तो माझ्यावर बगळ्यासारखा चालत होता. त्याचा धाकटा भाऊ टॉबी कोंबड्यांना दाणे टाकावेत तशा माझ्या नक्षीसाठीच्या रंगीत टिकल्या फेकत होता. निम्म्या आर्लनच्या केसांत गेल्या.

"जमिनीवर टाक रे," आर्लन म्हणाला. "माझं लग्न झालंय."

आर्लन मला जपायचा. रोज मऊ झाडू. शनिवारी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, मग रबरी वायपरने सगळं पाणी दाराबाहेर. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ गाडीबरोबर आत यायचं, ते वाळायच्या आत पुसायचा. पाहुण्यांना बूट बाहेर काढायला लावायचा.

ऑक्टोबरात तो मासे धरायला गेला आणि तिथेच त्याचं हृदय थांबलं. अंत्यविधीनंतरचं जेवण माझ्यावरच झालं. काळ्या कपड्यांतली साठ माणसं, हातात हॅमचे पाव आणि पायात नुसते मोजे. बूट काढायला कुणी सांगितलं नव्हतं. पाद्रीबाबांचा अंगठा मोज्यातून डोकावत होता. मला हसू आवरेना, आणि हसण्याचा तो दिवस नव्हता.

मग टॉबीने माझा ताबा घेतला. शाळा अर्धवट सोडलेला, आधी करून मग विचार करणारा मुलगा. पहिल्याच दिवशी मला धुवायचं म्हणून त्याने माझ्यावर व्हिनेगर ओतलं. मी काय लोणचं आहे? माझी चकाकी उतरली. मग तो डब्यावरच्या सूचना बोट ठेवून वाचत बसला आणि चूक कळल्यावर बादलीला लाथ घातली.

"दादाने ओतलीय ही," तो आर्लनच्या बायकोला, मार्नीला म्हणाला. "हिच्यावर आता गाडी येणार नाही."

मार्नी नर्स आहे, पहाटे निघते. तेव्हापासून तिची गाडी बाहेर. उणे पंचवीस अंशांच्या थंडीत ती काचेवरचा बर्फ खरवडायची आणि मी आत कोरडी, स्वच्छ, बिनकामाची. जानेवारीत तिची बोटं इतकी सुजली की तिला इंजेक्शनची सुई धरता येईना.

शेवटी एका दुपारी तिने दार वर केलं आणि गाडी सरळ आत आणली. चाकांवरचा खारट चिखल माझ्यावर ठिबकला. खरं सांगते, गुदगुल्या झाल्या.

टॉबी मोज्यांवरच धावत आला. "वहिनी, बाहेर काढ ती."

"नाही काढणार."

"दादाने ही जमीन—"

"तुझा दादा रोज इथेच गाडी लावायचा. त्याला जमत होतं, तुला काय झालं?"

टॉबी तावातावाने पुढे आला. इथे मी थोडा आगाऊपणा केला. मी ओली होते, मोजे लोकरीचे होते. तो धाडकन उताणा पडला.

मार्नीने काच खाली केली. "लागलं का?"

"हो."

"कुठे?"

 छताकडे बघत तो रडायला लागला. दफनाच्या दिवशीही रडला नव्हता. मार्नी उतरून त्याच्याशेजारी चिखलातच बसली.

"उद्या किती वाजता निघणार?" नाक पुसत त्याने विचारलं.

"पाचला."

"तू गेलीस की पुसून घेतो."

"पाचला तू घोरत असशील."

"मग नऊला पुसतो."

हल्ली माझ्यावर चाकांचे दोन काळे पट्टे आहेत, कडेला मिठाची पांढरी नक्षी आहे, आणि टॉबीची नऊची वेळ कधीकधी अकरावर जाते. माझी तक्रार नाही. एवढीच विनंती, मला हवं तितकं घासा, पण आधी मळू द्या.

आता जरा बाजूला व्हा. मार्नीची गाडी येतेय.