वरची सळई

मला राग लवकर येतो. बायको म्हणते, तो नाकावरच बसलेला असतो. असेल. पण त्या सकाळी मी खुशीत होतो, कारण भाचीचा फोन आला होता.

"मामा, आज माझ्या गॅलरीचे टेकू काढतोय. माझी पहिली गॅलरी! ये ना बघायला."

घरात तिला चिंगी म्हणतात. मी ज्या संस्थेत पहिल्या वर्षाला बांधकामाची मूलतत्त्वं शिकवतो तिथंच, माझ्याच वर्गात ती शिकली. वर्गातली बाकीची मुलं कधीच कामाला लागली होती, तिला नोकरी लागून जेमतेम तीन महिने झाले होते, आणि नोकरी अजून कच्चीच होती.

"येतो की," मी म्हणालो. "सगळं नकाशाप्रमाणे झालं ना?"

"नकाशाचं नाव काढू नकोस! काढणाऱ्यानं सळया वरच्या अंगाला दाखवल्या होत्या. मी त्या खाली घेतल्या. मिस्त्री हटून बसला होता, तरी घेतल्या. भाची कुणाची?"

माझ्या हातातला चहा बशीत सांडला. "चिंगे, थांब! टेकूला हात लावू नकोस."

"काय? ऐकू येत नाही रे, इथे ड्रिल चाललंय. ये लवकर!"

फोन बंद झाला. मी परत लावला, सात वेळा लावला. उचलते कुठली! शर्टाची बटणं वरखाली लावून मी स्कूटर काढली.

घोळ काय होता तो सांगतो. दोन स्टुलांवर फळी ठेवा आणि मधोमध उभे राहा. फळी वाकते आणि तिचं पोट ताणलं जातं. काँक्रीट दाबाला खमकं, पण ताणाला अगदीच लेचंपेचं. म्हणून जिथं ताण, तिथं सळई. फळीचा ताण पोटाला, म्हणून सळई खाली. हे मी वर्गाकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं. गॅलरीचं मात्र उलटं. तिला एका बाजूनं घरानं धरलेलं, दुसरं टोक अधांतरी. ते टोक खाली ओढतं आणि ताण पाठीला येतो, म्हणून सळई वर हवी. एवढाच धडा, फार तर दोन तासांचा. तो मी शिकवलाच नव्हता.

का? लाज सोडून सांगतो. तो धडा सुरू करणार, तोच मागच्या बाकावरच्या एकानं माझ्या खोकल्याची नक्कल केली. अख्खा वर्ग हसला, चिंगीसुद्धा. माझं डोकं सणकलं. "पुस्तकात आहे, वाचा तुमचं तुम्ही," असं म्हणून खडू आपटला आणि निघून आलो. दुसऱ्या दिवशी थेट पुढचा धडा काढला. पेपर मीच काढायचो, त्यात गॅलरीचा प्रश्न घातला नाही. म्हणजे कुणी बोंब मारायला नको. सगळे पास झाले, मीही पेढे खाऊन मिरवलो.

सिग्नलला थांबलो की नजर वर जायची. रस्ताभर गॅलऱ्याच गॅलऱ्या. एकीत बाई कपडे झटकत होती, दुसरीत म्हातारा पाय पसरून पेपर वाचत होता. मागचा गाडीवाला ओरडला, "काका, झोपलात काय?" एरवी मी त्याला तिथंच धुतला असता. त्या दिवशी गपचूप निघालो.

इमारतीपाशी पोचलो तेव्हा पहिल्या मजल्याच्या गॅलरीचा बाहेरचा एक टेकू जमिनीवर पडला होता. दुसऱ्यावर मिस्त्रीनं हातोडा उगारला होता. बरोब्बर गॅलरीखाली दोन माणसं फळ्या गोळा करत होती.

"खबरदार!" मी असा ओरडलो की ड्रिलवालाही थांबला. "बाहेर या आधी, दोघंही! पडलेला टेकू परत लावा!"

मिस्त्रीनं काही विचारलं नाही. माणसं बाहेर काढली, टेकू उचलून जागेवर ठोकून बसवला आणि मगच माझ्याकडे वळला. "साहेब, तीस वर्षं गॅलरीची सळई वरच बांधतोय. मॅडम म्हणाल्या, आमच्या सरांनी शिकवलंय, खालीच असते. आता सरांपुढे आपली अक्कल काय चालणार?"

चिंगी धावत आली. "मामा, काय चाललंय तुझं? सगळ्यांसमोर?"

मी पायातली रबरी चप्पल काढली. एक मजूर घाबरून मागे सरला, त्याला वाटलं पोरीला मारतोय. माझी चप्पल मधोमध आडवी चिरलेली होती, वरच्या अंगानं. मी टाच मुठीत धरली आणि चपलेचं पुढचं टोक दाबलं. चीर आ वासून उघडली.

"बघ. ताण कुठे आहे?"

ती बघत राहिली. मग जिना चढली, मी मागोमाग. वर गॅलरीत पाय न ठेवता दारातूनच वाकून पाहिलं. भिंतीलगत या टोकापासून त्या टोकापर्यंत केसाएवढी तड्याची रेघ गेली होती. एकच टेकू निघाला होता, एवढ्यातच.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. घरात ती मला अरेतुरे करते. आता म्हणाली, "सर, मी नकाशा खोडला. तुमच्या शब्दावर खोडला."

एखादी सणसणीत थोबाडीत परवडली असती.

तेवढ्यात तिचा मालक वर आला. "कोणाची चूक ही?"

"माझी," चिंगी म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

आणि मी गप्प राहिलो. खोटं का बोलू? क्षणभर बरंही वाटलं. मालकानं तिला उद्यापासून येऊ नकोस म्हटलं, तिनं डोक्यावरचं हेल्मेट काढलं, तेव्हा कुठे मी तोंड उघडलं. "हिला मी शिकवलंय. गॅलरीचा धडा मी रागाच्या भरात गाळला. हवं तर लिहून देतो, संस्थेत कळवा. पण हिला काढू नका."

मालकानं मला आपादमस्तक न्याहाळलं. एका पायात चप्पल, दुसरी हातात. "लिहून द्या," तो म्हणाला. "आणि ही गॅलरी ही पोरगीच तोडून परत बांधेल. मिस्त्री सांगेल तशी."

मी तिथंच पायरीवर बसून लिहून दिलं. हायसं वाटलं. पोरीची नोकरी राहिली, कुणाला खरचटलंही नव्हतं.

चिंगीनं कागद वाचला. डोळे पुसले आणि विचारलं, "मामा, त्या दिवशी वर्गात आम्ही कितीजण होतो रे?"

"बेचाळीस."

मी खिशातून फोन काढला. पहिला नंबर लागला तो त्या नक्कल करणाऱ्याचाच.

"सर! आज कशी काय आठवण काढलीत?"

"तू कुठे गॅलरी बांधलीस का रे?"

"चार बांधल्या, सर," तो खुशीत म्हणाला. "लोक राहायलाही आले."