चंद्राबाईंचा दोरा आणि मी

मी एक जुनी सायकल आहे, मित्रांनो. पोशीरच्या कोंडीरामांच्या पडवीत माझा मुक्काम. माझ्या हँडलला निळे दोरे दिसतील. नवसाचे नव्हेत हो ते! नव्या वर्षाचे संकल्प आहेत.

कोंडीराम साजगावच्या कारखान्यात लागले तेव्हा त्यांनी मला घेतलं. रोज पहाटे नेरळ स्टेशनपर्यंत मी त्यांना पोचवायची. रविवारी अंघोळ, साखळीला तेल. काय तोरा होता माझा!

या घराची एक रीत आहे. एक जानेवारीला कोरेगावच्या विजयस्तंभाला वंदन करून आले, की प्रत्येकानं वर्षभरात करायची एक गोष्ट मोठ्यानं सांगायची आणि मला दोरा बांधायचा. वर्ष सरताना ज्याचं जमलं त्यानं आपल्या हातानं सोडायचा. नाही जमलं तर बोल लावायचा नाही, दोरा तसाच राहतो.

कोंडीरामांच्या बायकोचा, चंद्राबाईंचा, दोरा वर्षानुवर्षं तसाच राहिला. त्यांना एकटीनं सायकलवर गावच्या बुद्धविहारापर्यंत जायचं होतं. पण कधी लावणी, कधी आजारपण. त्यातच कोंडीराम निवृत्त झाले, मुलानं, प्रीतमनं, स्कूटर घेतली. माझी हवा गेली आणि सीटवर कोंबड्या बसू लागल्या. फार वाईट वाटायचं.

गेल्या वर्षी एक जानेवारीला सून भाग्यश्री म्हणाली, "यंदा घरातली सगळी अडगळ काढणार." आणि दोरा बांधला माझ्याच हँडलला! म्हणजे अडगळीत पहिला नंबर माझाच.

"भाग्यश्री गं, माजा दोरा सुटल्याबिगर ही जायाची नाय," चंद्राबाई म्हणाल्या.

"मग वर्ष आहे तुमच्याकडे, आई. एकतीस डिसेंबरला भंगारवाल्याला बोलावते." पोरगी वाईट नव्हती, शब्दाची पक्की होती.

मग भात झोडून झालं आणि चंद्राबाईंनी हवा भरून मला रिकाम्या शेतात नेलं. कोंडीराम कॅरिअर धरून मागं धावायचे. "पुढं बघ गं, चाकाकडं काय बघतेस!" गुडघे फुटले, पण बाई हटल्या नाहीत. इतक्या वर्षांनी कुणाला तरी माझी गरज होती. मीही कुरकुर आवरली.

एकतीसला भंगाराचा टेंपो दारात उभा राहिला. चंद्राबाईंनी पदर खोचला, कोंडीरामांनी धक्का दिला आणि हात सोडला. आम्ही निघालो! विहार आलं, तशा चंद्राबाई ओरडल्या, "अवो, आता उतरू कशी?"

घ्या! रोज कोंडीरामच धरायचे, उतरायला शिकवलंच नव्हतं कुणी. मग काय, विहाराला फेऱ्यावर फेऱ्या. सगळा गाव हसायला गोळा झाला. शेवटी भाग्यश्री धावत आली आणि तिनं कॅरिअर पकडलं.

"लागलं का, आई?"

"नाय गं. पन आले का नाय मी हितपत्तूर?"

चंद्राबाईंनी आपला दोरा सोडला. टेंपो फुटके पिंप आणि मोडका कूलर घेऊन गेला, मला सोडून. भाग्यश्रीनंही आपला दोरा सोडला. "अडगळ गेली," ती म्हणाली आणि माझ्या चाकांना नव्या ट्यूब घातल्या. तिचे उपकार मी कसे विसरू?

मित्रांनो, वर्ष सरलं म्हणून कुणाचा दोरा तोडू नका. आणि माझ्यासारखीला भंगार म्हणण्याआधी एकदा हवा भरून बघा.

दुसऱ्या दिवशी चंद्राबाईंनी नवा दोरा बांधला. "यंदा उतराया शिकीन." शेजारी भाग्यश्रीनं आपला बांधला आणि हळूच म्हणाली, "आई, मला सायकल येतच नाही. मला शिकवाल?"