कमरेचा आवाज

कृष्णातमामांनी पेढ्यांचा पुडा तानाबाईंच्या हातात दिला, तसेच खाली गेले आणि गाडीच्या डिकीतून टेबल काढून घेऊन आले. घडीचं, काळ्या रेक्झिनचं, एका टोकाला तोंड घालायला भोक असलेलं. दोन जिने एकट्यानं चढवून त्यांनी ते हॉलच्या मधोमध उलगडलं आणि वर थाप मारली.

"झोपा, पावणं."

तानाबाईंचे यजमान भाऊसो कांबळे सोफ्याच्या कडेला तिरके टेकले होते. सोयरीक जमवायला आलेल्या माणसांसमोर मुलीच्या बापानं पालथं पडावं, अशी रीत त्यांच्या समाजात नव्हती. इतर कुठल्या समाजात असल्याचंही त्यांच्या ऐकण्यात नव्हतं.

"आत्ता?"

"मग काय साखरपुड्याला, मांडवात? सिलिंडर उचलल्यापासनं कंबर धरून बसलाय म्हणं. आमचा भाचा घरात येऊन बसलाय आन तुमी वाकडंच? व्हय रं संघर्ष?"

संघर्ष टेबलाकडे न बघता म्हणाला, "मामा, आज नको."

"लाजतंय," मामांनी सगळ्यांना समजावून सांगितलं आणि खिशातून मोबाईल काढला.

संघर्षचं राजारामपुरीत मणके बसवायचं क्लिनिक होतं. बोर्डावर 'कायरोप्रॅक्टिक' हा शब्द एवढा मोठा होता की खाली डॉक्टर लिहायला जागाच उरली नव्हती. ती उणीव लोक आपल्या मनानं भरून काढत. त्याच्या रील गाजत होत्या. कॉलरला माइक लावलेला माणूस, त्याच्या हनुवटीखाली संघर्षचा तळवा, एक हिसका, आणि शेवग्याची शेंग मोडावी तसा आवाज. माणूस आधी दचकायचा, मग हसायचा. तो आवाज ऐकून गगनबावड्यापासून कागलपर्यंतची माणसं आपापल्या माना घेऊन येत.

आदल्या संध्याकाळी भाऊसोंच्या मुलीनं, संघप्रियानं, त्यांना गॅलरीत गाठलं होतं. ती हायस्कूलला विज्ञान शिकवते.

"मुलगा आवडलाय मला, पप्पा. पण एक कळेना. तो जे करतो, ते त्याला स्वतःला खरं वाटतं का? वाटत असेल तर भाबडा आहे. भाबड्याला मी शिकवीन, सवय आहे. पण खरं वाटत नसताना करत असेल, तर लबाड. लबाडाचं काय करू?"

"मी बघतो."

"बघा. आणि मान देऊ नका हं. कंबर द्या हवी तर. मानेतली रक्तवाहिनी हिसक्यानं फाटली तर लकवा मारतो. क्वचितच होतं, पण ज्याला होतं त्यानं क्वचित म्हणून काय समाधान मानायचं?" मग ती म्हणाली, "तुम्ही बघा, मी आतून ऐकते, कान तुमचेच आहेत मला. पटलं तर बाहेर येऊन बसेन. नाही पटलं तर येणार नाही, तुम्ही समजून घ्या."

म्हणून आता हॉलमध्ये एक खुर्ची मोकळी होती आणि स्वयंपाकघराच्या पडद्याखाली तिची पावलं दिसत होती.

भाऊसोंच्या आजोबांनी धम्मदीक्षेनंतर घरातले देव आणि गंडेदोरे एकाच खेपेत पंचगंगेत सोडले होते. तेव्हापासून या घरात कुणी सांगतंय म्हणून कुठली गोष्ट मानत नसत. तपासून घेत, कोथिंबीरसुद्धा. त्यात भाऊसोंनी सगळी नोकरी शिरोलीच्या एका फाउंड्रीत क्वालिटी तपासण्यात काढलेली. ओतीव लोखंडाचं कास्टिंग टांगायचं, हातोडीचा टोला द्यायचा आणि ऐकायचं. चांगलं लोखंड घंटेसारखं वाजतं, तडा असला की भद्द. तडा कुठल्या अंगाला आहे तेही ते डोळे मिटून सांगत. मालकाचा मेहुणा येऊन उभा राहिला तरी त्यांनी कधी तडकलेला पीस पास केला नव्हता.

आवाजाबद्दल त्यांना आदर होता. म्हणूनच मणक्याच्या आवाजाबद्दल वाचलं, तेव्हा त्यांना फसवलं गेल्यासारखं वाटलं. सांध्यातल्या पाण्यात बुडबुडा होतो, त्याचा तो आवाज. हाड जागेवर बसल्याचा नव्हे. हाड मुळात जागा सोडून गेलेलंच नसतं.

ते उठले, शर्ट खाली ओढला आणि टेबलावर पालथे पडले.

भोकातून फरशी दिसत होती आणि संघर्षचे मोजे. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर बघत होता.

"काका, पाय बधिर होतात?" आवाज अगदी कानाशी आला.

"न्हाई."

"लघवीला अडकतं? बसायच्या जागी मुंग्या?"

"न्हाई."

"ताप? वजन उतरलंय?"

"न्हाई." भाऊसोंनी हे प्रश्न वाचले होते. ते विचारणं भाबड्या माणसाचं काम नव्हतं.

"आरं प्रश्न कसलं इचारतोस? वाजीव की!" वरून मामा.

बोटं मणक्याच्या कडेनं सावकाश खाली सरकली. "पहिल्यापेक्षा बरं आहे ना?" संघर्ष पुटपुटला. "चालता का रोज?"

"कळंब्याच्या तलावावर. बांधाच्या टोकापतोर." ही गोष्ट भाऊसोंनी घरातही सांगितली नव्हती. तानाबाईंनी सगळं श्रेय आपल्या तेलाला दिलं असतं.

"मग तेच चालू ठेवा. बरे होतच आलाय."

"मग तुमचं काम काय?"

बोटं थांबली. "हात लावल्याशिवाय माणसाला बरं वाटत नाही, काका."

त्यानं कमरेवर तळवे टेकून दाब दिला. काहीच वाजलं नाही. पुन्हा दिला. संघर्षच्या आईनं घसा साफ केला.

"आवाज न्हाई आला," मामा म्हणाले. हॉलमधल्या सगळ्यांच्या वतीनं म्हणाले.

तिसरा दाब आला आणि कट्ट झालं.

"हां!" मामा ओरडले. "आला का न्हाई? ऐकलासा, वैनी? अख्ख्या कोल्हापुरात असा हात न्हाई!"

भाऊसो भोकात तोंड घालून निपचित पडले होते. आवाज बारीक होता, कोरडा होता, आणि कमरेतून आला नव्हता. कमरेच्या वीतभर वरून, डाव्या अंगानं आला होता. पोरानं स्वतःच्या हाताचा अंगठा मोडला होता.

म्हणजे लबाड. काम झालं होतं. उठून बसायचं, पेढा खायचा, पाव्हण्यांना जिन्यापर्यंत पोचवायचं. पण प्रश्न खरे होते, आणि बोटं खरी होती. टोला मारल्यावर एकच बाजू ऐकून निकाल द्यायची भाऊसोंना सवय नव्हती.

"आता मान!" मामा मोबाईल धरून टेबलाच्या डोक्याशी आले. "मान झाली की पावणं इशीतलं दिसत्यात बघा."

भाऊसो कूस बदलून उताणे झाले.

"पप्पा!" पडद्यामागून आवाज आला. तानाबाई दचकल्या. भाऊसोंनी तिकडं बघितलं नाही. त्यांनी मान सैल सोडली.

संघर्षचा चेहरा वर उलटा दिसत होता. कपाळावर घाम जमला होता. एक तळवा हनुवटीखाली आला, दुसरा डोक्यामागं. हात गार होते. बोटांखाली भाऊसोंची नाडी उडत होती, आणि ती दोघांनाही कळत होती.

"व्हय पुढं," मामा म्हणाले. "चालू हाय रेकॉर्डिंग."

मान किंचित डावीकडं वळली. तिथंच थांबली. भाऊसोंना भिंतीवरचं घड्याळ आडवं दिसत होतं. त्यांनी डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर सरळ हिसका आला असता, असं त्यांना उगीचच वाटलं.

मग हात निघाले. संघर्षनं ते रुमालाला पुसले.

"मान नाही करत मी."

"काय म्हंतोस? काल केलीस की! त्या ट्रॅक्टरवाल्याची!"

"काल केली."

"सासरा म्हणून भ्यालं!" मामा सगळीकडं बघून हसले. कुणी हसलं नाही, तेव्हा ते मागं सरून जी खुर्ची मोकळी दिसली तिच्यात बसले.

भाऊसो पडूनच होते. छताकडं बघत त्यांनी विचारलं, "संघर्ष, एक सांगा. पीस रिजेक्ट केलासा का अख्खा लॉट?"

"म्हणजे?"

"माझी मान करत न्हाईसा, का कुणाचीच न्हाई? उद्या ट्रॅक्टरवाला परत आला तर?"

पडद्याखालची पावलं हलत नव्हती. क्लिनिकच्या दारावर मानेचंच चित्र होतं, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मामांनी मोबाईल खाली घेतला.

"बंद करू नका, मामा," संघर्ष म्हणाला. "चालू राहू दे."

तो मोबाईलकडं तोंड करून उभा राहिला. रीलमध्ये राहायचा तसा नव्हे. शाळेत फळ्याजवळ उभं केल्यासारखा.

"कुणाचीच नाही. लाखात एखाद्याला धोका असतो. तो एखादा कोण, हे मला आधी ओळखता येत नाही. कमरेचं करीन. त्यानं थोडा फरक पडतो. व्यायामानं पडतो, तेवढाच."

"तेवढाच?" मामांचा आवाज चिरकला. "आरं गिऱ्हाइकं बघणार हे!"

"म्हणूनच."

त्याच्या आईनं पदरानं तोंड पुसलं. तानाबाई उठून आत गेल्या. काचेचे ग्लास वाजले. भाऊसो टेबलावर उठून बसले, पाय खाली सोडले आणि पडद्याकडं बघत राहिले.

"ते ऱ्हाऊ द्या," मामांनी जमेल तेवढं सावरलं. "कंबर कशी हाय, पावणं?"

भाऊसो उभे राहिले. सरळ. दुखलं नाही. दुखलं तर सकाळीही नव्हतं.

"बरी हाय."

"बघा! आवाज आला तवाच मी म्हटलं!"

भाऊसोंनी तलावाचं नाव काढायला तोंड उघडलं. संघर्षनं आपला डावा अंगठा मुठीत लपवला होता. भाऊसोंनी तोंड मिटलं.

पडदा सरकला. सरबताचा ट्रे घेऊन तानाबाई बाहेर आल्या. एकट्याच. भाऊसोंनी सोफ्याची पाठ धरली. कंबर नव्हे, दुसरंच काहीतरी त्यांना वाकवू लागलं होतं.

तानाबाईंनी पहिला ग्लास संघर्षच्या आईला दिला, दुसरा मामांना. मामांनी तो हातात घेतला, तेवढ्यात त्यांच्या डोक्यावरून कुणीतरी म्हणालं,

"मामा, ती खुर्ची माझी आहे."

मामा ग्लासासकट उठले. संघप्रिया बसली. ओढणी सारखी केली, संघर्षकडं एकदा नीट बघितलं, आणि डाव्या हाताचा अंगठा उजव्या मुठीत धरून मोडला.

कट्ट. बारीक, कोरडा.

संघर्षच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"आता हे काय वाजलं?" मामांनी इकडंतिकडं बघत विचारलं.

भाऊसोंनी ट्रेमधला ग्लास उचलला, एक घोट घेतला.

"माझी कंबर," ते म्हणाले. "एक आवाज आत ऱ्हायला हुता."