मला तेल नको

मी एक जुना, पांढऱ्याचा पिवळट झालेला नायलॉनचा बुश आहे, मित्रांनो. बुश म्हणजे फिरत्या दांड्याला पोटात सांभाळणारी नळी. दिसायला मी बोटभर, पण दवनीवाड्याच्या देवचंदजींच्या धानगिरणीतली तांदळाची चाळणी माझ्याच भरवशावर हलत असे.

माझ्याआधी तिथे पितळेचा बुश होता. कामाला चोख, पण तेलाचा भारी खादाड! प्यालेले तेल तो खालच्या तांदळात ठिबकवी. १९५८ साली एक दिवस गावातल्या अनुसयाबाई तणतणत गिरणीत आल्या.

"देवचंदजी, पोरगी बाळंतीण हाये माही. भाताले तेलाचा वास येऊन राहिला, घास उतरत नाही तिच्या घशाखाली!"

गिरणीच्या गोपीचंद मिस्त्रींना ते फार लागले. त्यांनी सागाच्या लाकडाचा बुश केला, तो तडकला. बेकेलाइट नावाच्या कडक प्लास्टिकचा केला, तर हादऱ्यांनी त्याचा टवकाच उडाला. मग त्यांनी नागपूरहून नायलॉनची कांडी आणली.

"नायलॉनची तं साडी राह्यते, बुश कायले?" देवचंदजी हसले.

"गुळगुळीत हाये, जी. तेल मांगत नाही."

मिस्त्रींनी मला खरादावर, म्हणजे लेथवर, कातले. दमट हवेत मी अंमळ फुगतो, म्हणून भोक केसभर सैल ठेवले. चाळणी हलू लागली आणि खाली निर्मळ तांदूळ पडू लागला. बाळंतीण पोटभर जेवली हे कानी आले, तेव्हा मला जन्माचे सार्थक वाटले.

पण दसरा आला! त्या दिवशी गिरणीतल्या प्रत्येक यंत्राला तेल-शेंदूर लावायची रीत. देवचंदजींच्या पत्नी सुशीलाबाई माझ्यापाशी थबकल्या.

"सगळ्याईले तेल, अन् यालेच काऊन उपाशी ठेवाचं?" असे म्हणून त्यांनी मायेने वाटीच माझ्यावर उपडी केली. ओरडून नको म्हणावेसे वाटले, पण बुशाला कुठले तोंड!

दुसऱ्या दिवशी उडता कोंडा त्या तेलात बसला. त्याचा चिकट लगदा झाला आणि चाळणी अडली. धान घेऊन आलेल्या अनुसयाबाईंचा जीव टांगणीला लागला.

"फेका हे खेळणं! पितळच बसवा परत," देवचंदजी गरजले. संपलो, असे मला वाटले.

मिस्त्रींनी मला काढले, पोटात बोट फिरवले आणि ते सगळ्यांपुढे धरले. "बुश नाही बिघडला, जी. तेलात कोंडा मळला."

सुशीलाबाईंचा चेहरा उतरला. "तेल म्याच ओतलं," त्या म्हणाल्या. त्यांनीच मला राख आणि गरम पाण्याने घासले, पदराने कोरडे पुसले. मिस्त्रींनी मला पुन्हा बसवले आणि अनुसयाबाईंचा तांदूळ बिनवासाचा निघाला.

आता झिजून माझे भोक मोठे झाले आहे. माझ्या जागी माझाच नायलॉनचा भाऊबंद राबतो आणि मी फळीवर बसून बघतो. मित्रांनो, माया भरपूर करा, पण समोरच्याला काय सोसते ते आधी जाणून घ्या.

यंदाच्या दसऱ्याला सुशीलाबाई तेलाची वाटी घेऊन सगळीकडे फिरल्या. फळीपाशी आल्यावर मात्र त्यांनी वाटी खाली ठेवली, झेंडूचे एक फूल पदराने टिपून कोरडे केले आणि माझ्याजवळ ठेवले.